तळ्याची कड

आमचं घर तळ्याकाठी होतं म्हटलं की आता सगळे हेवा करतात. माझ्या मुलीच्या, शांभवीच्या, ऑफिसातल्या मैत्रिणी तर डोळेच विस्फारतात. त्यांना मी छपरातून पडलेल्या सापाचं सांगत नाही.

शांभवी तेव्हा पाळण्यात होती. साप पाळण्याच्या दोरीवर पडला, तिथून जमिनीवर आणि तिथून चुलीमागे गेला. माझ्या सासूने, शेषम्माने, हातातलं मुसळ भिंतीला टेकवलं, दार सताड उघडलं आणि म्हणाली, "जा बाबा, तुज वाट मोकळी आहे." तो गेला. मी मात्र आठवडाभर पोरीला मांडीवरून खाली ठेवलं नाही.

मी तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतली. माहेरी कौलारू घर, दाराशी नळ, संध्याकाळी गल्लीभर मराठी बोलणारी माणसं. लग्न होऊन आले ती पापनाशमजवळच्या नल्लेरी गावात, तळ्याच्या उतारावरच्या ताडाच्या झापांच्या घरात. गावात मराठी बोलणारं आमचं एकच घर. सासूशी, नवऱ्याशी आणि देवाशी मराठी, बाकी साऱ्या जगाशी तमिळ. सासरी काही कमी नव्हतं असं सांगायची रीत आहे, पण मी ती पाळणार नाही. छप्पर कमी होतं. दर पावसाळ्यात ते थोडं थोडं जायचं, आणि त्या वर्षीच्या कार्तिकातल्या वादळात अर्धं गेलं.

आमचे हे, कल्याणराम, पेटले. बैलगाडीने विटा आणल्या आणि भिंत गुडघ्याएवढी चढवली. मी अंगणात उभी राहून खिडकी कुठे ठेवायची ते सांगत होते. तेवढ्यात पंचायतीची माणसं आली. तळ्याच्या कडेला पक्की भिंत उभारायची नाही असा जुना नियम होता. कुठून कुठवर, ते कुणी नेमकं सांगत नसे. तळ्याकडे तोंड करून उभं राहावं, ओलसर वारा लागला की आपण नियमात आहोत असं समजावं, एवढंच.

"आम्ही कशाला हात लावू? तुम्हीच काढा," त्यांच्यातला एक म्हणाला आणि आमच्याच दगडावर बसून पान लावू लागला. वाटेवर माणसं थांबली. कल्याणरामांनी एकेक वीट काढली, चुना झटकून घरामागे रचली. कुणी हसलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं. नवऱ्याची मान इतकी खाली गेलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

मग माघ सरला, तळं आटू लागलं आणि आमचं खरं काम सुरू झालं.

उन्हाळ्यात पाणी जसजसं मागे सरतं, तसतशी खालची काळी गाळाची जमीन उघडी पडते. पंचायतीची पट्टी भरून आम्ही त्या गाळपेर जमिनीत काकड्या लावायचो. तळ्याच्या पोटात हातभर खोल खड्डे घ्यायचे, त्यात शेण-राख घालायची, बी टोचायचं, आणि मग रोज पहाटे नि संध्याकाळी घागरीने पाणी. घागर कमरेवर घेतली की ओला गाळ पाय धरून ठेवायचा. पाय उपसावा तर कंबर बोलायची. माहेरी मी वीणा शिकत होते. गाळपेरीच्या पहिल्या महिन्यात बोटं तारेवर ठेवायच्या लायकीची राहिली नाहीत, आणि पुढे मी ती ठेवलीही नाहीत.

वेल पसरले की कोल्हे, रानडुकरं, पोपट आणि माणसं, सगळ्यांपासून राखण करावी लागे. म्हणून सारं घर खाली तळ्यात राहायला जायचं. पाण्याच्या अगदी कडेला झापांचा मांडव घालायचा. आणि आमच्या घराची एक रीत होती, जी मी दुसऱ्या कुठल्याही घरी पाहिली नाही. घर खाली गेलं की देवही खाली जायचा. तुळजाभवानीचा चांदीचा टाक वेताच्या पेटीत ठेवून सासू पदराआड धरून उतार उतरायची. आपण जेवतो त्या चुलीवरचाच नैवेद्य देवीला हवा, आणि आपण इकडे, ती वर एकटी, हे सासूला पटत नसे. मग देवी येणार म्हणून मांडवाची जमीन सारवायची, कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, घालायचा, आंब्याचं तोरण बांधायचं. त्या वर्षी सासूने आणखी एक केलं. घरामागच्या ढिगातल्या तीन विटा उचलून आणल्या आणि त्यांची चूल मांडली.

"विटा नासत पडतात," ती म्हणाली. "हितं तरी पोटाला लागतील."

ती चूल मला फार आवडली. खरं सांगायचं तर ते सगळे दिवसच मला आवडायचे, हे मला आत्ता कळतं. दुपारी पाण्यावरून वारा यायचा. कोवळ्या काकडीला मीठ-तिखट लावून सासू एक फोड मला द्यायची, एक धनलक्ष्मीला. धनलक्ष्मी आमच्यासोबत कामाला यायची. तिची स्वतःची थोडी भातशेती तळ्याच्या बांधाखाली होती, तळ्याच्याच पाण्यावर पिकायची. ती आणि सासू एकमेकींना अक्का म्हणायच्या आणि दोघींपैकी मोठी कोण यावर भांडायच्या.

चैत्रात सर्व्हेअर आला. साखळी धरणारा एक माणूस, स्वतः छत्रीखाली. नियम बदलणार आहेत, तळ्याभोवतीची मोजणी आहे, एवढं म्हणाला. ऊन मी म्हणत होतं. सासूने त्याला मांडवात बसवलं, ताक दिलं. तो टेकला, सारवलेल्या जमिनीवरून हात फिरवला, टाकापुढच्या समईकडे पाहिलं, विटांची चूल पाहिली.

"किती वर्षं राहता इथे?" त्याने विचारलं.

"माझं लग्न झालं तेव्हापासून," सासू तमिळमध्ये म्हणाली. "त्याआधी माझी सासू राहायची."

हे खरंच होतं. दर उन्हाळ्यात राहायची. पण उन्हाळ्याचं त्याने विचारलं नाही आणि हिने सांगितलं नाही. तळ्याच्या पोटात बाराही महिने कुणी राहतं का, हे सांगावं लागेल असं तिच्या मनातही आलं नसेल. तो ताकाचं कौतुक करून गेला. जाताना सासूने त्याच्या पिशवीत काकड्या भरल्या.

महिनाभराने मुरलीकृष्ण आला. त्याला मी ओळखत होते. आमच्याच गल्लीतला, माझ्या धाकट्या भावाच्या वर्गातला. आता पांढरा शर्ट, नवी मोटारसायकल. ते दिवसच तसे होते. पापनाशमच्या बसथांब्यावर टेलिफोनचा बूथ झाला होता, रस्त्याकडेच्या भातशेतांत रंगवलेले दगड रोवून प्लॉट पडत होते. असे प्लॉट पाडणाऱ्या एका कंपनीत तो लागला होता.

"अंबुजक्का, तुम्हां लोकांचं नशीब उघडलं," तो मांडवात बसत म्हणाला. मराठी ऐकूनच मला बरं वाटलं. त्याने सगळं नीट समजावलं. जुना नियम जातोय. आता पाण्याच्या कडेपासून ठरावीक अंतर सोडलं की पुढे पक्कं घर बांधता येईल. प्रश्न एवढाच, की पाण्याची कड कुठे धरायची? तळं तर उन्हाळ्यात एक आणि पावसाळ्यात एक. मग जिथे माणसाचं राहतं घर आहे, तिथवर पाणी येत नाही असं धरायचं. आणि सर्व्हेअरने सगळ्यांत खालचं घर म्हणून आमचा मांडव लिहून घेतला होता.

"चूल आहे, देव आहे, सारवण आहे. घर नाही तर काय?" मुरलीकृष्ण हसला. "मोठे साहेब तंजावूरहून तपासायला येतील. अम्मांनी एवढंच म्हणायचं, हो, हे आमचं घर. मग कड हितंच धरतील. तुमचं वरचं घर नियमातून सुटलं. विटांचं बांधा, वर माडी चढवा, कोण विचारतो? आणि कंपनी तुम्हां लोकांस पायाचं काम करून देईल. मी शब्द घेतला आहे."

"आणि तुमचे प्लॉट?" कल्याणरामांनी विचारलं.

"तेही होतील की. अस्कं मोकळं होईल, तुमचं नि आमचं."

तो गेल्यावर कल्याणराम कितीतरी वेळ घरामागच्या विटांच्या ढिगापाशी उभे होते. शेवाळ खरवडत होते. मी पुन्हा खिडकी कुठे ठेवायची ते ठरवलं. शांभवीला पाळणा टांगायला लोखंडी कडी, न्हाणीघराला दार. दुसऱ्या खेपेचे दिवस होते मला. हे मूल तरी कोरड्या घरात येईल, असं मी देवीपुढे बोललेही. सासू तिथेच बसली होती. समईची वात पुढे सारत होती.

दुसऱ्या दिवशी काकड्या खुडताना धनलक्ष्मीने विषय काढला. गावात दवंडी झाली होती, तिनेही ऐकलं होतं.

"अक्का, इथे घरं झाली तर पाणी आल्यावर त्यांचं काय?"

"बुडतील," सासू म्हणाली.

"कशाला बुडतील? शिकली-सवरलेली माणसं येणार. ती सांडवा फोडून पाणी सोडून देतील, तळं भरूच देणार नाहीत. अर्ध्या तळ्याचं पाणी माझ्या शेताला पोचत नाही." ती खुडत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुझ्या सुनेला घर हवंय हे मला दिसतं. मी काही मागत नाही. फक्त बोलले."

मला तिचा राग आला. काही मागत नाही म्हणत सगळं मागणं मला येत नाही, पण ओळखता येतं. मी टोपली उचलली आणि वर निघून आले.

त्या दिवसांत सासूचं लक्ष कामात नव्हतं. घागरी आणताना मध्येच थांबायची, उताराकडे बघायची. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "मी देवीस हितं आणलें, म्हणून तळें मागें सरलें म्हणतात. असें कधीं ऐकलें होतेंस कां?" मी म्हटलं, "अम्मा, सरकारने म्हटलं की झालं." तिने मान हलवली. ती हो होती की नाही, मला कळलं नाही. मी हो धरली.

साहेब आले तेव्हा आषाढ लागायचा होता. वेल पिवळे पडले होते, सासू मांडवात बसून पिकल्या काकडीचं बी राखेत चोळत होती. मेट्टूर धरणाचं पाणी सोडल्याची बातमी आली होती, तळ्याला येणाऱ्या चरात ते अजून दिसत नव्हतं. साहेबांच्या मागे सर्व्हेअर, मुरलीकृष्ण, पंचायतीची तीच माणसं, आणि बरंच गाव. गावाच्या कडेला धनलक्ष्मी. मी आदल्या दिवशी मांडव पुन्हा सारवला होता. कोलमही मोठा घातला होता.

साहेब वयस्कर, सभ्य. चप्पल बाहेर काढून आत आले. "अम्मा, हे तुमचं घर ना?"

सासूने राखेचे हात पुसले. "घर म्हटलं तर काय होईल, साहेब?"

"कड इथे धरू. वरचं तुमचं घर मोकळं होईल. पक्कं बांधता येईल."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर भरल्या तळ्याचं पाणी जिथे थांबतं तिथे कड. तुमचं घर मग आतल्या पट्ट्यात येतं. कुणी पाडणार नाही. पण विटांचं होणार नाही. कधीच नाही."

सासूने आधी कल्याणरामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या पोटाकडे पाहिलं. मी मान हलवून हो म्हणाले, अगदी सगळ्यांना दिसेल अशी.

"हा मांडव आहे," सासू म्हणाली. "पाणी येईपर्यंत राहतो. पाणी आलं की काढतो."

"पण इथे देव आहे," सर्व्हेअर म्हणाला. "चूल आहे. तुम्हीच सांगितलंत, लग्न झाल्यापासून."

"देवी आमच्यासोबत पाहुणी येते, पाहुणी जाते. तुम्हीही आला होतात, ताक प्यायलात. म्हणून हे तुमचं घर झालं का?"

गावात कुणीतरी हसलं. साहेबही हसले, पण लगेच गंभीर झाले. "मग पाणी कुठवर येतं, दाखवा."

सासू उठली. उतार चढायला लागली तसे सगळे तिच्या मागे निघाले. मुरलीकृष्ण तिच्या बरोबरीने चालत मराठीत हळू आवाजात म्हणाला, "अम्मा, निदान अलीकडे थांबा. वीस पावलं अलीकडे. तुमचं घर तरी सुटेल. कोण बघतंय?" मी मागेच होते, मला ऐकू आलं. वीस पावलं. मी मनातल्या मनात देवीला म्हटलं, थांबव तिला.

ती थांबली ती आमच्या अंगणातल्या पारसपिंपळाच्या मुळाशी. सांडवा वाहू लागला की पाणी तिथवर यायचं आणि तिथेच दरवर्षी ती तळ्याची ओटी भरायची. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. लग्नाच्या पहिल्या वर्षी माझ्याकडूनही भरून घेतली होती. त्या झाडाच्या मागे दहा हातांवर आमची मातीची भिंत.

"इथे," ती म्हणाली.

साहेबांनी गावाकडे पाहिलं. धनलक्ष्मी म्हणाली, "हो, इथेच." मग बाकीचेही हो म्हणाले. साहेबांनी खूण करायला सांगितलं आणि सासूला म्हणाले, "तुमचंच घर आत आलं, अम्मा."

"दिसतंय मला," सासू म्हणाली.

त्या संध्याकाळी कल्याणराम खाली जाऊन मांडवाचे झाप ओढून काढू लागले, इतक्या जोरात की ते फाटत होते. सासूने टाक पेटीत ठेवला, चूल विझवली, आणि त्या तीन विटा एकेक करून वर आणल्या. काळ्या पडल्या होत्या. पारसपिंपळाच्या मुळाशी तिने त्या शेजारी शेजारी ठेवल्या. मी दारातून बघत होते. उठून हात लावला नाही.

दिवाळीपर्यंत मी तिच्याशी कामापुरतं बोलले. पाणी तापलं. पोरगी झोपली. वाढू का? ती माझ्या रागाला वळसा घालून वागायची, जसं घरात एखादं मोठं भांडं मध्येच ठेवलेलं असावं. मग पाऊस आला, छप्पर तीन ठिकाणी गळलं, आणि एका सकाळी गावात ओरडा झाला, सांडवा वाहतोय.

सासूने ताट तयार केलं आणि माझ्या हातात दिलं. "तू भर. पोटुशी आहेस, तुझा मान."

मला नको होतं. पण ताट कसं नाकारणार? बाहेर गेले. पाणी पारसपिंपळाशी येऊन विटांना लागून थांबलं होतं. खाली, आमचा मांडव होता तिथे, आता पुरुषभर पाणी. मुरलीकृष्णाच्या कंपनीने उत्साहाने आधीच रोवलेल्या रंगीत दगडांतला एकही दिसत नव्हता. पाण्यावर पाणकोंबड्या पोहत होत्या. मी विटांवर खण ठेवला, तांदूळ घातले. पाय भिजू द्यायचा नसतो, म्हणून सासूने मला दंडाला धरलं होतं.

"रागावली आहेस?"

"हो," मी म्हटलं.

"बरोबर आहे तुझें." तिने ताटातलं हळदकुंकू पाण्यात सोडलं. "मजही विटांचें घर पाहिजे होतें, अंबुजा. तुझ्या आधीपासून पाहिजे होतें."

हे मला तोवर सुचलंच नव्हतं. तिच्या डोक्यावर तेच छप्पर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं गळत होतं, आणि मला वाटत होतं घर फक्त माझं गेलं. मी तिचा हात धरला आणि उगीचच धरून राहिले. भुरभुर पावसात दंड भिजला होता, तिचा आणि माझाही.

त्या झापांच्या घरातच माझा मुलगा झाला आणि त्याच घरात, पुढे काही वर्षांनी, सासू गेली. शेवटच्या पावसात तिच्या खाटेवर आम्ही ताडपत्री बांधली होती. कल्याणरामांना तंजावूरला काम मिळालं, आम्ही इथे आलो. आता तिसऱ्या मजल्यावर राहतो. विटांचं आहे, न्हाणीघराला दार आहे, खिडक्या मला हव्या तिथे आहेत. काकडी बाजारातून आणतो. मीठ-तिखट लावते, पण पाण्यावरचा वारा नसला की ती नुसतीच काकडी लागते.

नल्लेरीला कॉलनी झाली, व्हायचीच होती. पण ती खुणेच्या पलीकडे, वर. तळं अजून भरतं, सांडवा वाहतो, धनलक्ष्मीची सून बांधाखाली भात लावते. आमचं घर कधीच मातीला मिळालं. पाणी आणि कॉलनी यांच्यामध्ये हिरव्या गवताचा रुंद पट्टा आहे, त्यावर सकाळी लोक फिरायला येतात. दर वर्षी सांडवा वाहिला की धनलक्ष्मीच्या घरून मला फोन येतो आणि मी पापनाशमची बस धरते.

यंदा ओटीचं ताट घेऊन पारसपिंपळाशी वाकले तर कॉलनीतली एक बाई बुटांच्या नाड्या बांधत तिथेच थांबली होती. तरुण होती, बोलकी होती.

"किती छान मोकळी जागा आहे ना? इतक्या महागाईत ही कशी राहिली कोण जाणे. सरकारने सोडली असेल."

"नाही," मी म्हटलं. "हे माझ्या सासूचं घर."

तिने इकडेतिकडे पाहिलं. गवत, झाड, मुळांत अर्ध्या रुतलेल्या तीन काळ्या विटा. ती नाडी आवळून चालू लागली, बहुधा म्हातारीचं डोकं फिरलंय असं वाटलं असेल. मी विटांवर खण ठेवला, तांदूळ घातले, आणि दंडाला धरायला कुणी नव्हतं म्हणून झाडाला धरून, पाय कोरडे ठेवून, मागे सरले.